साक्षीदाराच्या रकान्यातली सही

शहाण्णव साली मी नाशिक सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर निशिगंधाच्या दोन जुड्या होत्या. विमानतळावर सोडायला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओळखीतली सुमो सांगितली होती, आणि मुंबईपर्यंत गाडी अर्धी रिकामी न्यायची हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. मागे झेंडूच्या करंड्या रचल्या होत्या. माझी नवी कोरी बॅग टपावर बांधली होती. आई म्हणाली, "पोरगा अमेरिकेला चाललाय का दादरच्या बाजाराला?" अण्णा म्हणाले, "दोन्ही रस्त्यातच आहे." आम्ही आधी दादरला फुलं उतरवली आणि मग विमानतळावर गेलो. निरोपाच्या वेळी रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. शर्टाला निशिगंधाचा वास होता आणि तो विमानात दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकला, एवढंच आठवतं.

आमचा मळा गंगापूर रोडला होता. तेव्हा तिथे बंगल्यांच्या मधून मधून अजून मळे होते. गुलाब, झेंडू, निशिगंध. अण्णा चौथी शिकलेले. त्यांच्या धंद्यात कागद नसायचा. एका वर्षी ऐन लग्नसराईत गारपीट झाली आणि मळ्यात एक फूल राहिलं नाही. त्याच आठवड्यात एका घरी मांडव सजवून देतो म्हणून अण्णांनी सांगितलं होतं. ते लोक स्वतःहून म्हणाले, राहू द्या, कागदी फुलं लावू. अण्णा दोन दिवस लुना घेऊन मखमलाबादपासून आडगावपर्यंत दुसऱ्यांच्या मळ्यांत फिरले आणि मांडव भरून दिला. आम्ही असल्या घरातले. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी इंदिरानगरला कंपनीच्या ऑफिसात ॲग्रीमेंटवर सही करायची होती. ऑफिस म्हणजे एका फ्लॅटच्या दोन खोल्या. मालकांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो. ते अर्धं वर्ष न्यू जर्सीत असायचे आणि अर्धं नाशकात. कागद सहा पानांचा होता. दीड वर्ष कंपनी सोडायची नाही, सोडली तर दंड, सरांच्या कुठल्या क्लायंटकडे परस्पर नोकरी धरायची नाही, असं बरंच. शेवटी दोन साक्षीदार हवे होते. एक अकाउंटंट झाला. दुसरा शिपाई व्हायचा, पण तो झेरॉक्स काढायला गेला होता. अण्णा बाहेरच्या खोलीत चहा पीत बसले होते. सर म्हणाले, "काका, तुम्हीच करा की."

अण्णांनी विचारलं, "काय लिहिलंय यात?"

"दीड वर्ष कंपनी सोडायची नाही."

अण्णा माझ्याकडे वळले. "जमेल ना? मग कर. मी पण करतो."

त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, रेघेच्या बाहेर जाईपर्यंत.

न्यू जर्सीत एडिसनला आम्ही सहा जण एका अपार्टमेंटमध्ये होतो. ज्याला प्रोजेक्ट मिळे तो जाई, ज्याला नसे तो 'बेंचवर' बसे, म्हणजे घरात बसून डाळ शिजवे. नवव्या महिन्यात मला दुसऱ्या कंपनीनं बोलावलं. माझा व्हिसाही तेच करून घेणार होते. आमच्यातले दोघे तसेच गेले होते. सरांनी त्यांना कडक पत्रं पाठवली आणि पुढे काही झालं नाही. मी अण्णांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "अरे, माझी पण सही आहे ना त्याच्यावर."

मी राहिलो. त्याच दीड वर्षात बहिणीचं लग्न झालं. प्रोजेक्ट मध्येच सोडून जाता आलं नाही. तिच्या मांडवाची फुलं अण्णांनी एकट्यानं बांधली.

हा किस्सा मी पुढे सगळ्यांना हसत सांगायचो. एकदा सरांनाही सांगितला, जेवताना. म्हटलं, सर, तुमच्या वकिलानं सहा पानं लिहिली, पण मला थांबवलं ते एका शिपायाच्या झेरॉक्सनं. तो जागेवर असता तर मी गेलो असतो. सर हसले नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे वडिलांची सही नसती तर तू गेला असतास?" मी म्हटलं, "बहुतेक."

पुढच्या वर्षीच्या ॲग्रीमेंटमध्ये शेवटच्या पानावर एक नवा रकाना आला. साक्षीदार, आई किंवा वडील.

तो रकाना माझ्या बोलण्यातून आला. माझ्या बायकोलाही मी हे पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

सरांनी हळूहळू मला वर घेतलं. नवी माणसं निवडायची, त्यांना नाशकात भेटायचं, कागद करून घ्यायचे हे माझं काम झालं. माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज सरांच्या कंपनीतर्फे होता. त्या निमित्तानं मी एका वकीलबाईंकडे जायचो. एकदा सहज म्हणून, म्हणजे सहज नाही, पण तसं दाखवून, मी ॲग्रीमेंटची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. परदेशात सही केलेला हा कागद इथे व्हिसावर काम करणाऱ्या माणसाला बांधतो का? त्यांनी दोनच पानं वाचली. म्हणाल्या, मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून अशा माणसाकडून दंड घ्यायला इथला कायदा परवानगी देत नाही. खरोखर झालेलं नुकसान मागता येईल, ते सिद्ध करावं लागेल. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तुम्हा लोकांना हा कागद धरून ठेवत नाही. व्हिसा धरून ठेवतो. नोकरी गेली की पायाखालची जमीन जाते. म्हणून हा कागद कुणी तपासून बघत नाही."

तिकडचं काय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, तिकडच्या वकिलाला विचारा. दोन हजार सालच्या दिवाळीत नाशिकला आलो तेव्हा तेही केलं. माझ्या वर्गातला एक जण जिल्हा न्यायालयात वकिली करत होता. कोर्टाबाहेरच्या टपरीवर उभ्या उभ्या त्यानं कागद चाळला. "कोर्ट कुणाला नोकरीला बांधून ठेवत नाही रे. फार तर नुकसानभरपाई. तीसुद्धा नुसता आकडा लिहिला म्हणून मिळत नाही, दाखवावं लागतं काय नुकसान झालं ते."

"आणि आईवडिलांची सही?"

"साक्षीदार फक्त. सही यानंच केली, एवढं सांगायला. ह्या चहावाल्याची चालली असती." मग तो हसला. "पण डोकं भारी लावलंय कुणीतरी. कोर्टाची गरजच नाही."

दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मी अकरा जणांच्या सह्या घेतल्या. सगळं माहीत असताना. वाईट वाटलं होतं का, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. खरं उत्तर असं की काहीच वाटलं नव्हतं. हॉलचा एसी जास्त होता आणि आया पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या, ते दिसतं अजून.

त्यात योगेश होता, देवळ्याचा. हुशार, बुटका, सारखा गमती करणारा. वडील लहानपणीच गेलेले, घरी आई आणि थोडी कांद्याची शेती. आई बरोबर आली होती. तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि तिकडच्या अहिराणी वळणात मला विचारलं, "यामा काय लिखेल शे, भाऊ?"

मी म्हटलं, "दीड वर्ष काम सोडायचं नाही, एवढंच."

"मंग मी कसाले सही करू? काम त्याले करनं शे."

"तुम्ही सही केली की तो तुमचं ऐकेल, काकू."

ती मोठ्यानं हसली. "आजपावत काय कोणाचं ऐकत व्हता का?" योगेश म्हणाला, "आई, तू अंगठा दे आणि मोकळी हो." ती रागावली. "अंगठा कसाले? आठ दिन झाले शिकी ऱ्हायनू." आठ दिवस ती नाव लिहायला शिकत होती. तिनं पेन घट्ट धरलं आणि एकेक अक्षर काढलं. मागचे लोक थांबले होते. सही झाल्यावर ती मला म्हणाली, "पोऱ्या तुन्हा भरोसावर जाई ऱ्हायना शे. ध्यान ठेवजो."

मी हो म्हटलं. सगळ्यांनाच म्हणत होतो.

दहा-अकरा महिन्यांनी, एका दुपारी ऑफिसात योगेशचा फोन आला. तो तेव्हा ओहायोत कोलंबसला होता. बाजारात मंदी होती, निम्मे लोक बेंचवर होते, त्याला मात्र काम होतं. तो एकदम म्हणाला, "दादा, आईला नाशिकला सिव्हिलमध्ये आणलंय. किडनीचं म्हणतात. क्लायंट सुट्टी देत नाही. मी असाच निघून गेलो तर?"

"किती राहिलेत तुझे?"

"सात महिने." मग म्हणाला, "आपलं ते ॲग्रीमेंट, दादा. ते टिकतं का खरंच कोर्टात?"

माझ्या टेबलाच्या खणात दोन्ही वकिलांचं म्हणणं मी माझ्या हातानं लिहून ठेवलेलं होतं. माझा ग्रीन कार्डचा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता. योगेश गेला तर क्लायंट जाईल, क्लायंट गेला तर सर मला विचारतील. हे सगळं मी त्या वेळी विचारात घेतलं असंही नाही. ते माझ्यात आधीच बसलेलं होतं. मी म्हटलं, "सही आहे ना तुझी. आईचीही आहे. बघ बाबा."

तो म्हणाला, "हं. बरं दादा." आणि ठेवला फोन. मी जेवायला गेलो.

दोन आठवड्यांत आई गेली. त्या संध्याकाळी योगेशनं कुणालाही न विचारता विमान धरलं आणि दहाव्याच्या आधी देवळ्याला पोचला. परत आला नाही. सरांनी पत्र पाठवलं नाही, फोन केला नाही. मी कळवलं तेव्हा म्हणाले, "जाऊ दे, त्या जागी बेंचवरचा एक पाठवू." पुढच्याच मंगळवारी दुसरा माणूस कोलंबसला रुजू झाला. एवढंच झालं. कायद्यानं काय झालं असतं याचा इतका विचार केलेला, आणि झालं ते एवढंच.

माझं ग्रीन कार्ड पुढच्या वर्षी आलं. मी घर घेतलं. घर घेताना इतक्या कागदांवर सह्या कराव्या लागल्या की शेवटी हात दुखला. दोन हजार तीनच्या सुमारास सरांनी कंपनी बंद केली आणि नाशिकच्या फायलींची एक पेटी माझ्या गराजमध्ये ठेवून गेले. "बघू नंतर काय करायचं ते." नंतर काही केलं नाही. ती पेटी बर्फ ढकलायच्या फावड्याशेजारी चार वर्षं होती. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आलात, त्यांना गराज म्हणजे काय ते माहीत आहे. आपण तिथे रोज जातो आणि काही बघत नाही.

मुलाची जुनी सायकल काढताना एकदा पेटी उलटली. फरशीवर शेवटची पानं पसरली. कुणाच्या आईची सही, कुणाच्या बापाची, दोन अंगठे. त्यात अण्णांचं नाव, रेघेच्या बाहेर गेलेलं. मी ती पानं गोळा केली आणि त्या हिवाळ्यात नाशिकला आलो.

मळा तोवर गेला होता. तिथे सहा मजली इमारत आहे, खाली औषधांचं दुकान. आईअण्णा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहतात. गॅलरीत अण्णांनी तेलाच्या डब्यांत झेंडू लावले आहेत आणि वॉचमनच्या बायकोला रोज मूठभर फुलं देतात. मी त्यांच्यापुढे त्यांचा कागद ठेवला. चष्मा लावून त्यांनी बघितला.

"सही माझीच आहे. कसला कागद हा?"

मी सांगितलं. शिपाई, चहा, दीड वर्ष. नवव्या महिन्यात मी त्यांना केलेला फोनही सांगितला.

"असेल," ते म्हणाले. "आठवत नाही. चहा बरा होता त्यांचा." मग म्हणाले, "त्याच्यासाठी तू बहिणीच्या लग्नाला आला नाहीस होय? आम्हाला वाटलं, सुट्टी नाही."

आई आतून म्हणाली, "मी म्हणत होते तेव्हाच, बोलवा त्याला."

मी त्यांना दोष देत नाही. ते एक वाक्य बोलले आणि दुसऱ्या दिवशी बाजाराला गेले. मी मात्र त्या वाक्यातून एक रकाना काढला आणि तो दुसऱ्यांच्या आयांना भरायला लावला.

तिसऱ्या दिवशी एसटीनं देवळ्याला गेलो. योगेश कांद्याच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यात असतो. बाहेरदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तो बघतो. पत्र्याच्या शेडमध्ये बायका ओळीनं बसून कांदे निवडत होत्या. मला बघून तो उठला.

"या या! अमेरिका आली का देवळ्याला?" मला वरून खालपर्यंत बघून म्हणाला, "वजन वाढलं दादा तुमचं. तिकडचे बेंच मऊ असतील."

मी हसलो. चहा झाला. त्याचं लग्न, शेत, पाऊस हे बोलून झालं. मग मी पिशवीतून त्याच्या आईच्या सहीचं पान काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "योगेश, तू फोन केला होतास, कागद टिकतो का म्हणून. मला माहीत होतं. टिकत नव्हता. दोन वकिलांना विचारलेलं होतं मी."

तो पानाकडे बघत होता, माझ्याकडे नाही. म्हणाला, "मला पण माहीत होतं."

"म्हणजे?"

"कोलंबसला लायब्ररी होती ना. दोन शनिवार बसून वाचलं. नाय टिकत. एवढं इंग्लिश येतं दादा मला, तुम्हीच तर घेतलं होतं सिलेक्ट करून."

"मग मला कशाला विचारलंस?"

"कायदा नव्हतो विचारत मी." त्यानं एक कांदा उचलला, बघितला, परत ठेवला. "आईला फोन केला होता आधी. येतो म्हटलं. ती म्हणे, सही करेल शे ना आपन, पुरं करीसन ये. माझं ऐकेना. कायदा सांगितला तर म्हणे, तो भाऊ समोर व्हता, त्याले विचार. तुम्ही जा म्हटलं असतं, तर मी तिला सांगितलं असतं, दादांनीच सोडलं. मग ती बोलली असती, ये."

शेडमध्ये कुणीतरी बाई मोठ्यानं हसत होती. तराजूवर पोतं आपटल्याचा आवाज आला. मी वाट बघत होतो की तो आता काही बोलेल, शिवी देईल. त्यानं पानावरून अंगठा फिरवला.

"ह्या सहीसाठी आठ दिवस घरातल्या सगळ्या कांदापट्ट्यांच्या मागं तिनं नाव गिरवलं. मार्केटच्या पावत्या सगळ्या खराब केल्या. त्या मी फेकून दिल्या, कुठं ठेवणार? बाकी सगळीकडं तिचा अंगठाच आहे. बँकेत, सोसायटीत." मग त्यानं विचारलं, "हे पान राहू द्या मला?"

मी म्हटलं, "तुझंच आहे."

"वरचं काय लिहिलंय ते कापून टाकतो," तो म्हणाला, आणि हिशोबाच्या टेबलावरची कात्री घेऊन त्यानं माझ्यासमोर ते कापलं. कलमं, दंड, कंपनीचं नाव, सगळं खाली कांद्याच्या सालांत पडलं. हातात दोन बोटं रुंदीची पट्टी राहिली. ती त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली. निघताना त्यानं मला स्टँडपर्यंत मोटारसायकलवर सोडलं आणि बसमध्ये जागा धरून दिली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही मागितलं नाही.

तेव्हापासून इकडे कुणी नव्यानं आलेलं मला विचारतं की तिकडे सही केलेला कागद इथे चालतो का, तर मी आधी विचारतो, घरी कोण आजारी आहे का. आहे म्हटलं तर सांगतो, जा. वकील नंतर. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस विचित्र आहे.

दर हिवाळ्यात नाशिकला येताना मी पेटीतली दोन-तीन पानं बरोबर आणतो. प्रत्येकावर एका घराचा पत्ता आहे. सिडको, पंचवटी, निफाड, सटाणा. बेल वाजवतो, कोण ते सांगतो, पान देतो. कुणी पाणी देतं. कुणी म्हणतं, ते कधीच वारले, आता काय उपयोग. एका आजोबांनी दार लावून घेतलं. सुट्टीतले चार दिवस यात जातात आणि बायको विचारते, घरी येतोस तर घरी का थांबत नाहीस. मला वाटतं, घरी जाणं म्हणजे माझ्यासाठी आता हेच उरलं आहे.

नऊ पानं राहिली आहेत. दहावं माझं. त्यावरचा पत्ता गंगापूर रोडच्या मळ्याचा आहे, आणि तिथे आता कुणाचं दार वाजवायचं ते मला माहीत नाही. ते मी सगळ्यांच्या खाली ठेवतो.